वेणूकाकूंची देवदर्शनं

वेणूकाकू फार देवभोळ्या होत्या, असं पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीचं मत होतं आणि अजूनही आहे. मागे एका लग्नाच्या पंगतीत त्यांचा विषय निघाला, तेव्हा शेजारच्या बाई हात जोडून म्हणाल्या, "तशी भक्ती आता पाहाले भेटत नाही बाप्पा!" माझ्या तोंडात जिलेबी होती म्हणून बरं, नाहीतर हसूच फुटलं असतं. कारण काकूंबरोबर मी चांगली अडीच-तीन वर्षं देवळं फिरले आहे, आणि माझ्या आठवणीत काकू एकूण एक देवळात गाढ झोपलेल्या आहेत.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा पांढुर्ण्याला मुलींच्या सकाळच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. आई-वडील सौसरला. रोजचं बसचं येणंजाणं झेपेना, म्हणून काकूंच्या घराला लागून असलेली त्यांचीच एक खोली भाड्याने घेतली. घर आगगाडीच्या डब्यासारखं. एकामागे एक तीन खोल्या, मधे दारं नाहीत, नुसते पडदे. माझी खोली आणि त्यांची मधली खोली यांच्यात एक पत्र्याचं पार्टिशन होतं. तिकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळायचं.

काकू ठेंगण्या, भरल्या अंगाच्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि गालात कायम सुपारी. चालायला लागल्या की बरोबरच्या माणसाला पळावंच लागे. सोवळं कडक. सरपणावरसुद्धा पाणी शिंपडून मग ते चुलीत घालायच्या. मी शाळेतून आले की माझ्या बोटांना लागलेल्या खडूकडे संशयाने बघत. "मास्तरीणबाई, हात धुऊन येजो. खडू कायचा करतेत कोणाले मालूम!" आणि घरातल्या बाईचे महिन्याचे दिवस आले की तिने मागच्या पडवीत पोत्यावर बसायचं, वेगळ्या ताटलीत जेवायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं, यात काडीचाही फरक त्या करू देत नसत. पडवी गल्लीच्या विहिरीसमोर होती. त्यामुळे काकूंच्या घरात कोण कधी बाहेर बसलं, हे पाणी भरायला येणाऱ्या सगळ्या बायकांना न विचारता कळायचं.

घरात काका, म्हणजे काकूंचे यजमान. बाजारात त्यांचं कापडाचं लहानसं दुकान होतं आणि बोलणं दिवसाला आठ-दहा वाक्यांच्या वर नव्हतं. शाळेत जाणारी मुलगी मीना. मोठा मुलगा सुधाकर सौसरला तहसील कचेरीत बाबू होता. तिथे आणखी दोघा बाबूंबरोबर एका खोलीत राहायचा आणि रविवारी घरी यायचा. त्याची बायको शोभा इथेच, सासू-सासऱ्यांजवळ. आणि काकांची थोरली बहीण, आत्याबाई.

शोभाच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. घरात ही एक गोष्ट बाकी सगळ्या गोष्टींच्या वर होती. आत्याबाई ओसरीतल्या बाजेवर बसून वाती वळत आणि दर महिन्याला, शोभा पडवीत जाऊन बसली की, ऐकू जाईल अशा आवाजात एक सुस्कारा सोडत. त्यांनी रामाकोन्याची एक मुलगी सुधाकरसाठी मनात धरून ठेवली होती. "पहिलीले कोण काढून राहिलं? तीही राहीन घरात," असं त्या काकूंसमोर दोन-तीनदा बोलल्याही होत्या. गंमत म्हणा की दुःख म्हणा, खुद्द आत्याबाईंना त्यांच्या नवऱ्याने मूल होत नाही म्हणूनच टाकलं होतं आणि दुसरी केली होती. तेव्हापासून त्या भावाकडे होत्या.

अशा घरात मी राहायला गेले आणि पहिल्याच महिन्यात एका दुपारी काकू दारात उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई, उठा. जामसावळीले जायाचं हाय."

"आत्ता? आज तर ना शनिवार ना मंगळवार."

"देव काही घरी येऊन नाही राहिला. चला, उठा!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. पेपर तपासायचे आहेत म्हटलं तर म्हणत, "तिथं तपासजो, मारुती काही तुमचे पेपर खात नाही." काका दुकान मुनीमजीवर टाकून आले होते, मीनाला शाळेतून अर्ध्या वेळात आणलं होतं, आत्याबाई कण्हत कुंथत तयार झाल्या होत्या. शोभा तेवढी घरी. "घराले कोणी नको का?" एवढंच उत्तर. आम्ही सगळे बसमध्ये बसलो. जामसावळीचा मारुती पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. काकूंनी नारळ फोडला, प्रदक्षिणा घातल्या, मग खांबाला टेकून बसल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. मीना हसायला लागली तशा एक डोळा उघडून म्हणाल्या, "देवच निजला हाय तं मी काय उभी राहू?" परत यायला दिवे लागले. घरी येऊन बघते तर सुधाकर, रविवार नसताना, ओसरीत पेपर वाचत बसलेला.

मग हे सुरूच झालं. कधी जामसावळी, कधी दुसरं एखादं देऊळ, कधी तिगावजवळ त्यांचा संत्र्याचा लहानसा बगीचा होता तिथे, झाडावर एक फळ नसताना. एकदा तर टॉकीजमध्ये. सिनेमा म्हणजे पाप असं मानणाऱ्या काकूंनी आम्हा सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं, देवादिकांचा सिनेमा आहे असं आत्याबाईंना सांगून. पडद्यावर एक बाई तलावात आंघोळ करत गाणं म्हणायला लागली. आत्याबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि विचारलं, "वेणू, हे कोणती देवी व्हय?" काकू केव्हाच झोपल्या होत्या. इंटरव्हलला मी म्हटलं, डोकं दुखतंय, मी घरी जाते. त्या झोपेतून ताडकन जाग्या झाल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "चूप बसा. पैसे देल्ले हायेत." इतक्या जोराने धरलं होतं की दोन दिवस दुखत होतं.

दुसरं कोडं काकांच्या गुडघ्याचं. मी शनिवारी सौसरला घरी जायची. मधेच सुट्टी आली तर एरवीही जायची. अशा वेळी काकू कधी कधी सांगत, "तहसील कचेरीत डोकावजो. सुधाकरले म्हणजो, बाबाचा गुडघा धरला." मी जात नसेन तर बसच्या कंडक्टरकडे तोच निरोप. सुधाकर निरोप ऐकून लाल व्हायचा आणि रजेचा अर्ज खरडायचा. काका मात्र सायकलवर दुकानात जात होते, पाण्याच्या दोन बादल्या एका दमात आणत होते. कचेरीत हळूहळू सर्वांना ठाऊक झालं की सुधाकरबाबूंच्या वडिलांचा गुडघा दर महिन्याला धरतो. तिथले बडे बाबू मोठे कनवाळू गृहस्थ. एकदा बाजाराच्या कामाने पांढुर्ण्याला आले तर कुठल्याशा वैद्याचं तेल घेऊन थेट घरी चौकशीला. पावसाळा तोंडावर आला होता आणि काका छपरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होते.

काकूंनी बडे बाबूंना दारात पाहिलं आणि वर बघून ओरडल्या, "अवो! उतरा खाली! गुडघा दुखते ना तुमचा!"

काकांनी वरून खाली पाहिलं. बायकोकडे, मग पाहुण्याकडे, मग तेलाच्या बाटलीकडे. शिडीच्या एकेका पायरीवर थांबत, उजवा पाय ओढत खाली उतरले आणि खाटेवर बसून डावा गुडघा चोळायला लागले. बडे बाबूंना सगळं दिसलं असणार. पण माणूस खानदानी, तेल ठेवलं, चहा घेतला आणि गेले.

शेवटी मला हे शोभानेच सांगितलं. आम्ही एका वयाच्या, विहिरीवर कपडे धुताना मैत्री झाली होती. गल्लीत तेव्हा शोभाला टीबी झाल्याची कुजबुज होती, कारण ती रोज सकाळी उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरते हे मीनाने मैत्रिणींना सांगितलं होतं. मी भीत भीत विचारलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू तिला नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या होत्या. बाईंनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की महिन्यातले मधले काही दिवसच कामाचे. अंगाचा ताप किंचित वर सरकतो त्यावरून ते कळतं. पाळीचा पहिला दिवस धरून मोजायचं आणि त्या दिवसांत नवरा-बायको एकत्र राहायला हवेत.

"आन् इथं?" शोभा म्हणाली. "नवरा सौसरले, घराले दार नाही, ओसरीत आत्याबाई जागत बसल्या राहतेत, अन् पत्र्यापलीकडं तू!"

मला एकदम मनगट आठवलं. मी इतकी लाजले की हातातला कपडा विहिरीतच पडायचा. म्हणजे आम्ही सगळे जामसावळीच्या मारुतीपुढे बसून होतो ते यासाठी! आणि दिवस मोजायला काकूंना काहीच कष्ट नव्हते. त्यांच्याच कडक नियमाने शोभा ज्या दिवशी पडवीत जाऊन बसायची, तो पहिला दिवस. तिथून त्या बोटांवर मोजत, अंगण झाडताना, भाकरी थापताना, आणि वेळ आली की कंडक्टरकडे गुडघा पाठवत.

"तुला लाज नाही वाटली सासूनं हे सगळं..."

"वाटली ना. मेल्यासारखं झालं. आई काय म्हणाल्या मालूम? म्हणे, संत्र्याले आपण पाणी तोडतो, झाड सुकू देतो, अन् मंग बरोबर वेळेवर पाणी सोडतो, तेव्हा बहार धरते. त्यात कोणाले लाज वाटते का? वेळ चुकली तं वर्ष जाते. मंग माणसाचं काहून लाजून राहिली तू?"

हे ऐकल्यापासून मी काकूंची एक हाकही चुकवली नाही. त्यांनीही ओळखलं की मला कळलं आहे. पण आमच्यात त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही. फक्त त्यानंतर त्या दारात आल्या की "पेपर घेऊन चला" असं आपणहून सांगायच्या.

असं वर्ष गेलं. शोभा दर महिन्याला पडवीत दिसायची आणि विहिरीवरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मग भाद्रपद आला, आणि काकूंच्या हातून एक चूक झाली. चूक म्हणजे, तेव्हा ती कोणाला चूक वाटली नव्हती. आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात त्या तीन दिवसांत घरातली कर्ती बाई बाहेरची झाली तर काय अनर्थ होतो, हे आमच्याकडच्या बायकांनाच कळेल. त्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात. सणाच्या आधी मेडिकलच्या दुकानात लहान पोरं आईची चिठ्ठी घेऊन उभी असायची, इतकी ती सरसकट गोष्ट होती. शोभाची तारीख नेमकी जेवणाच्या दिवसावर येत होती. आत्याबाईंनी आठवण केली आणि काकू स्वतः जाऊन गोळ्या घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या आणि या गोळ्या, दोन्ही एकाच दुकानातल्या, दोन्ही त्याच कामाच्या. त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. शोभाने पुरण वाटलं, आंबील केली, ओट्या भरल्या. गोळ्या थांबल्या. आता पाळी यायला हवी होती, ती आली नाही. आणखी दिवस गेले, तरी नाही. काकूंचा चेहरा बदलला. मी तसा चेहरा त्यांचा आधी पाहिला नव्हता. त्या शोभाच्या हातातली कळशी काढून घ्यायला लागल्या. तिच्या ताटात तुपाची धार जास्त पडायला लागली. आत्याबाईंचा सुस्कारा बंद झाला. मला एकदा बोलावून काकूंनी वाटीत शिरा दिला आणि कशाचा म्हणून सांगितलं नाही. नुसत्या हसल्या. शोभा पत्र्यापलीकडे गाणं गुणगुणायची. मीसुद्धा मनात नारळ कबूल केला, खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी शोभा पडवीत पोत्यावर बसलेली दिसली. भिंतीकडे तोंड करून.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई फार रागावल्या. त्या गोळ्यांनीच ते लांबलं होतं. सगळं वेळापत्रक विस्कटलं, आता पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. काकू परत आल्या त्या थेट मागच्या अंगणात जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले. सुपारी नव्हती त्यांच्या गालात, त्यामुळे तोंड एकदम म्हातारं दिसत होतं. "मी माह्या हातानं आणल्या, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "पोरीले आशा मी लावली अन् मीच मोडली." आणि पदरात तोंड घालून रडल्या. माझ्या आईच्या वयाची, सगळ्या गल्लीला दरडावणारी बाई अशी रडत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खडूचा होता, त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यापासून शोभाचं पडवीत बसणं बंद झालं. सोवळं होतंच, पण पोतं आतल्या खोलीत गेलं, पडद्याआड. विहिरीवरच्या एकीने हसत विचारलं, "काहो वेणूबाई, सून दिसत नाही आजकाल मांगं? काही गोड बातमी?" काकूंनी बादली खाली ठेवली. "माह्या घरचे दिवस मी मोजून राहिली. तुम्ही आपले मोजा." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

गुडघा चालू राहिला. जामसावळी चालू राहिली. पुन्हा भाद्रपद आला तोपर्यंत डॉक्टरीणबाईंनी आणखी एक नवा उपाय सुरू केला होता. बरोबर वेळ बघून नवऱ्याचं बीज दवाखान्यातच पिचकारीने आत सोडायचं. शोभाने मला हे सांगितलं तेव्हा दोघींचे कान तापले होते. दिवस मोजून तारीख निघाली, आणि ती निघाली महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. एक दिवसही इकडेतिकडे चालणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

त्या सकाळी मी सोळा भाज्या चिरायला गेले होते. आत्याबाई दारात आडव्या उभ्या होत्या. शोभा नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार. सुधाकर मान खाली घालून. नागपूरची पॅसेंजर यायची होती.

"लक्ष्मी जेवाले बसणार अन् घरची सून बाहेर?" आत्याबाई म्हणत होत्या. "पुढच्या महिन्यात जाईन ना ते! दवाखाना पळून चालला का?"

"दवाखाना नाही, दिवस पळून चालला," काकू म्हणाल्या. "मांगच्या साली मी लक्ष्मीपायी दिवस पुढं ढकलला. काय झालं ते पाहिलं ना तुम्ही? पुन्हा नाही करत मी."

"मंग असं कर. रामाकोन्याचं मनावर घे. कायले एवढा खटाटोप! जे नाही त्याच्या मांगं..."

काकू पुरण ढवळत होत्या. हात थांबला. त्या उठून आत्याबाईंसमोर आल्या. आवाज चढवला नाही.

"वन्सं, तुमच्यावर सवत आणली तेव्हा तुम्ही या ओसरीत बसून वर्षभर रडल्या. मी नवी होती या घरात. तुमचं ताट मी उचलत होती, जेवलेलं नाही, तसंच. तुमच्यावर आलं तं अन्याय, अन् इच्यावर आलं तं रीत का?"

आत्याबाई दारातून बाजूला झाल्या. शोभा वाकून नमस्कार करायला लागली तर काकू म्हणाल्या, "ते आल्यावर कर. गाडी जाईन." आणि ती दोघं पळत निघाली.

दुपारी सवाष्णी जेवायला आल्या. पहिलाच प्रश्न, सून कुठे? मला वाटलं काकू आता कोणाचातरी गुडघा पुढे करतील. पण त्यांनी हातातलं तुपाचं भांडं सांभाळत सरळ सांगितलं, "नागपूरले दवाखान्यात गेली. तिची वेळ होती आज." कोणीतरी काही बोलणार तेवढ्यात चुलीजवळून आवाज आला, "पोळी गरम हाय, वाढा लवकर." आत्याबाई पोळपाट ओढून पुरणपोळ्या लाटायला बसल्या होत्या. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना चुलीजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. शेवटची पंगत उठेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. रामाकोन्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

हे असं सगळं झाल्यावर शोभाला दिवस गेले, असं लिहायला मला किती आवडलं असतं! नाही गेले. त्या वेळीही नाही आणि पुढच्या चार-सहा खेपांनाही नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी काकूंना समोर बसवून सांगितलं की माझ्याकडचं सगळं करून झालं. मुंबईत आता गर्भ बाहेर काचेत धरवून आईच्या पोटात ठेवायला लागले आहेत. परदेशात तर तो बर्फासारख्या थंडीत जपून ठेवतात आणि बाईची योग्य वेळ आली की मग आत ठेवतात. पण इथे ते यायला काळ लागेल, आणि मुंबईचा खर्च तुम्हाला झेपायचा नाही.

काकूंनी हे मला घरी येऊन सांगितलं, बरंचसं बरोबर. "बर्फात ठेवतेत म्हणे इवलंसं. त्याले थंडी नसंल का वाजत?" मग सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "पण पाहा ना, तिथंही बाईची वेळच पाहा लागते. एवढं शिकले, पण ते काही त्यांच्या हाती नाही आलं." त्यात त्यांना कसला तरी दिलासा वाटत असावा.

उपचार थांबले. थर्मामीटर कपाटात गेलं. शोभा काही दिवस फार सुकली, मग हळूहळू बोलायला-हसायला लागली. कंडक्टरकडे निरोप जाईना. सुधाकर पुन्हा रविवारचा रविवारी यायला लागला. त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. नोकरी सोडून बैतूलला जायचं होतं. मी सामान बांधायला घेतलं होतं, तो एक रविवार. दुपारी दारात काकू.

"चला, उठा. देव काही घरी येऊन नाही राहिला."

मी बघतच राहिले. मागे काका टोपी घालून तयार, मीना तयार, आत्याबाई तर सगळ्यांच्या आधी चपला घालून उभ्या. मी निमूट निघाले.

जामसावळीला नेहमीसारखा नारळ झाला, प्रदक्षिणा झाल्या. आत्याबाई आणि मीना फुटाणे घ्यायला गेल्या. काकू आपल्या खांबाला टेकल्या. मला राहवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो विषय काढला.

"काकू, आता तर दवाखाना बंद झाला ना?"

त्यांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. "दवाखाना बंद झाला. त्यांचा संसार बंद झाला का?"

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"तीन वर्षं पोरीनं अन् पोरानं ताप पाहून, तारीख पाहून, परीक्षेले बसल्यासारखं केलं सगळं. मीच करवलं. एकमेकांशी दोन शब्द हसून बोलले असतीन का, देवाले ठावं. लेकरू नाही झालं तं नाही झालं. आता बिनकामाचं तं बसू दे त्यांले घरात. चहा करतीन, भांडतीन, काहीही करतीन."

मी पिंपळाकडे बघत राहिले. माझं स्वतःचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि मला वाटलं, मलाही अशीच सासू मिळू दे. नारळ मी त्याच जागी मनात कबूल केला.

तेवढ्यात रस्त्यावर पांढुर्ण्याची बस येऊन थांबली. काका टोपी सारखी करत उठले. "बस आली. चालाचं ना? ऊन उतरलं."

काकू खांबाला टेकूनच म्हणाल्या, "बसा ना जरा. गुडघा दुखते ना तुमचा."

काकांनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळूच खाली बसले आणि डावा गुडघा चोळायला लागले. बस निघून गेली. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला, आणि मारुतीसारख्याच त्या तिथे आडव्या झाल्या.